हळदीच्या दुधातला उजेड

हणमंता,

गेल्या रविवारी एसटीडी बूथवाल्यानं मला काही विचारलंच नाही. मी आत पाऊल टाकलं आणि त्यानं सवयीनं तुझ्या घरचा साताऱ्याचा नंबर फिरवून रिसीव्हर माझ्या हातात दिला. त्याची तरी काय चूक? चार वर्षं दर रविवारी सकाळी दहा वाजता मी तिथं जातोय आणि एकच नंबर लावतोय. त्या दिवशी मला खरं तर तासगावला आईकडं फोन करायचा होता. पण पलीकडं घंटा वाजायला लागली आणि ठेवून द्यायचं मला सुचेना. वहिनींनी उचलला. "हॅलो," म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, "कोन बोलतंय?" मी फोन ठेवला आणि बाहेर येऊन चपला शोधत उभा राहिलो. त्या पायातच होत्या.

तुला जाऊन त्या दिवशी चोवीस दिवस झाले होते.

तुझ्या कॉलेजच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून द्या, असं पत्र आलं होतं. जन्म, शिक्षण, नोकरी, विद्यार्थीप्रिय, मनमिळाऊ. मी एक पान लिहून पाठवलं. त्यातला 'मनमिळाऊ' मी गाळला, कारण तू मनमिळाऊ नव्हतास. तू भांडखोर होतास, आणि तुझ्याइतकं चांगलं भांडणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. ते पान त्यांच्यासाठी होतं. हे तुझ्यासाठी आहे. तुला एक गोष्ट सांगायची होती, ती फोनवर सांगायची वेळ मी माझ्या हातानं घालवली, आणि आता ती घेऊन मी सांगलीत एकटाच बसलोय.

कोल्हापूरच्या होस्टेलवर आपल्याला एका खोलीत टाकणाऱ्या रेक्टरचं डोकं तपासायला हवं होतं. मी तासगावकडचा जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारा. तू साताऱ्याच्या वरच्या अंगाचा, घरून डबा आला की मजल्यावरची पोरं वास काढत यायची. पहिल्या दिवशी माझ्याकडं खालून वर बघून तू म्हणालास, "आयला, ह्ये तर देवळातनं उठून आलंय." आणि दुसऱ्या दिवसापासून दोन वर्षं तू त्या खोलीत साधं अंडं आणलं नाहीस. डबा उचलून थेट शेजारच्या खोलीत जायचास. मी तुला तसं कधी म्हटलं नव्हतं. तूही बोलून दाखवलं नाहीस. मला तेव्हा वाटायचं, यात काय मोठंसं? आता वाटतं, मोठंच होतं, आणि तेव्हाच म्हणायला हवं होतं.

पुढं तू साताऱ्याला कॉलेजात लागलास, मी सांगलीला. दोघंही फिजिक्स शिकवायला. वर्गात तू छापील मराठी बोलायचास आणि माझ्याशी बोलताना ती चपलांसारखी बाहेर काढून ठेवायचास. तुझं लग्न झालं. माझं राहून गेलं.

आपलं हे सगळं सुरू झालं ते स्नेहलपासून. जन्मल्यावर तिसऱ्याच दिवशी तुझी लेक पिवळी पडली. कावीळ. दवाखान्यात तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं, डोळ्यांवर कापडाची पट्टी बांधून. मी आईनं दिलेला बाळंतविडा घेऊन आलो होतो. तू काचेला नाक लावून उभा होतास. बाकीचे बाप विचारतात, घरी कधी सोडणार. तू डॉक्टरांना विचारलंस, "ह्यो उजेड आत किती खोल जातो?"

डॉक्टर म्हणाले, "जातो तेवढा पुरतो."

झालं. त्या उत्तरानं तुझं पित्त खवळलं. स्नेहल चार दिवसांत बरी होऊन घरी आली, पण तू बरा झाला नाहीस. "पुरतो म्हंजे काय रं? माप नगं का?" बाहेर टपरीवर चहा पिताना तू हे मला विचारलंस, जणू मीच तो डॉक्टर. मग तू पुण्याच्या कुठल्या कुठल्या ग्रंथालयांतून लेखांच्या झेरॉक्स आणल्यास. महिन्याभरात तुझी भाषा बदलली. उजेड कातडीत सरळ जात नाही, भूपा, तू मला सांगायचास, तो बाजारच्या दिवशी गर्दीत शिरलेल्या माणसासारखा धक्के खात जातो. कुठं वळतो, कुठं अडतो, कुठं कायमचा शोषला जातो. त्याचं एका ओळीचं गणित मांडता येत नाही. मग काय करायचं? कॉम्प्युटरमध्ये उजेडाचा एकेक कण सोडायचा आणि प्रत्येक पावलाला कवड्या टाकायच्या. किती पुढं जायचं, कवडी. कुणीकडं वळायचं, कवडी. जगायचं की संपायचं, कवडी. असे लाख कण सोडायचे आणि पलीकडून किती बाहेर पडले ते मोजायचे.

मला ते लगेच पटलं नाही. मला तुझं काहीच लगेच पटायचं नाही, तोच तर आपला धंदा होता. पण प्रोग्रॅम लिहायला मीच बसलो, कारण तुला टायपिंगचा कंटाळा. कण कसा चालतो तो भाग तू कागदावर लिहून द्यायचास. कवड्या टाकण्याचा भाग माझा होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

आपल्या दोन्ही कॉलेजांत एकेकच बरा कॉम्प्युटर होता. त्या खोलीला पडदे, आत गालिचा, आणि चपला बाहेर काढून आत जायचं. शनिवारी दुपारी प्रोग्रॅम लावला की रविवारी सकाळी त्याचा आकडा मिळायचा. तू साताऱ्यात लावायचास, मी सांगलीत, आणि दहा वाजता फोनवर जुळवायचे. पहिली फ्लॉपी मी सांगली-सातारा गाडीच्या कंडक्टरकडं दिली होती, आठवतं? "सांभाळून न्या," असं चारदा बजावलं. त्यानं इतकी सांभाळली की चार घड्या घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. तू स्टँडवरून फोन केलास. "भूपा, तुझा प्रोग्रॅम आलाय. इस्त्री करून वापरू का?"

प्रोग्रॅम खरा की खोटा हे ताडून बघायला काहीतरी खरं लागणार होतं. तू म्हणालास, मटण. मी म्हणालो, माझ्या घरात नाही, माझ्या हातानं नाही. मग मीच तोड काढली. दूध घ्यायचं, त्यात उजेड कातडीत विखुरतो तसाच विखुरतो. आणि काविळीचा पिवळा रंग हवा ना? सांगलीत हळदीला काय तोटा. काचेच्या पेटीत हळदीचं दूध, एका बाजूला स्लाइड प्रोजेक्टर, त्यावर गणपतीच्या आराशीतला निळा जिलेटीन कागद, दुसऱ्या बाजूला सौर सेल आणि मीटर. चिमूटभर हळद टाकली की काटा खाली यायचा. निळा उजेड हळद खायची. तू पेटीवर वाकून म्हणालास, "बघ की, काविळीचं पोरच हाय ह्ये." आणि मग तुझ्यातला भांडखोर जागा झाला.

"पर भूपा, दूध बी जनावराचंच की रं."

"जनावर मेलेलं नसतं."

"आन हळद? ती जमिनीखालची. तुमाला जमिनीखालचं चालत न्हाई."

"वाळलेली चालते."

"लय सोयीचं हाय गड्या तुमचं."

तरी तू मटणाचा हट्ट सोडला नाहीस. एका रविवारी स्टीलच्या डब्यातून घेऊनच आलास. मी व्हरांड्यात जाऊन बसलो. तू आतून खिडकीतून आकडे ओरडायचास, "एकशे चाळीस! लिव्ह!" आणि मी बाहेर बसून लिहायचो, समोरच्या काकू दारात येऊन बघत होत्या. नंतर तू ती काच तीनदा साबणानं धुतलीस, आणि चौथ्यांदा मला बोलावून माझ्यासमोर धुतलीस. आकडे दुधाच्या आकड्यांपासून फार लांब नव्हते. मी म्हणालो, बघ, दूध पुरतं. तू म्हणालास, "पुरतं म्हनू नगंस. त्यो डॉक्टर बी आसंच म्हनला व्हता."

एका गोष्टीवर आपण शेवटपर्यंत भांडलो. प्रोग्रॅममध्ये एक सोय असते. कण भटकून भटकून अगदी क्षीण झाला की त्याच्यामागं कॉम्प्युटरचा वेळ घालवायचा नाही. अशांची सोडत काढायची. दहांतले नऊ तिथंच संपवायचे आणि दहाव्याला दहाही जणांचं बळ देऊन पुढं सोडायचं, म्हणजे एकूण बेरीज बिघडत नाही. मला ती युक्ती फार देखणी वाटायची. तुला ती आवडायचीच नाही. "मरायला टेकल्याल्याची सोडत काढतोस व्हय रं? आन त्यो जगल्याला, त्यानं काय करायचं येवढं वजन घिऊन?" मी म्हणायचो, अरे, तो कण आहे, माणूस नाही. तू म्हणायचास, लिहिणारा माणूस हाय न्हवं.

आणि मग तो रविवार आला. हळदीचं दूध, एक सेंटिमीटर जाडी. तू आकडा सांगितलास, मी माझ्या कागदावर बघितलं. तोच. पुढची जाडी. तोच. शेवटच्या अंकापर्यंत तोच. साताऱ्याच्या मशीनवर लाख कण सोडले, सांगलीच्या मशीनवर लाख कण सोडले, आणि एका कणाचाही फरक नाही. मी बूथमध्ये जवळजवळ ओरडलोच. तू मात्र म्हणालास, "लय जुळतंय रं. आपल्या दोघांचं कवा येवढं जुळलंय?"

"आता यातही खोट काढणार?"

"खोट न्हाई. पर दोन माणसं कवड्या टाकाया बसली आन दोघांला सारखंच दान पडत गेलं, तर आमच्या गावात कवड्या तपासत्यात."

यावर मी जे बोललो ते मी विसरलो असं तुला वाटलं असेल. विसरलो नाही. मी म्हणालो, "आपण गावात बसलेलो नाही, हणमंत. तुझा खेडवळ संशय बाजूला ठेव. यश पचवायलासुद्धा लायकी लागते." तू नुसतं "बरं" म्हणालास. दुसऱ्या दिवशी त्याच कंडक्टरबरोबर तुझी कंदी पेढ्यांची पुडी आली, वर लिहिलेलं, 'पचवायला.' स्टाफरूममध्ये मी ते सगळ्यांना वाटले. त्या शब्दाचा अर्थ विचारला तर मी हसून टाळलं. कोल्हापूरला प्राध्यापकांच्या मेळाव्यात मी आपला निबंध वाचला. सातारा आणि सांगली या दोन ठिकाणी स्वतंत्रपणे पडताळलेले निष्कर्ष, असं वाक्य त्यात होतं. टाळ्या पडल्या. माझं नाव पहिलं होतं, कारण वाचणारा मी होतो. तूच तसं सुचवलं होतंस.

नंतर तुझं पोट दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून, मग अल्सर म्हणून, मग पुणे. पुण्याहून तू परत आलास तेव्हा मी तुला बघायला आलो. तुझे डोळे पिवळे झाले होते, नखं पिवळी, तळहात पिवळे. मी दारातच अडखळलो आणि तू ते बघितलंस. "ये की. आता हळद आनायचा तरास न्हाई तुला. मलाच ठेव दिव्याखाली." वहिनी आत निघून गेल्या. मी हसलो, हसायचं म्हणून. आपल्याच आकड्यांप्रमाणं निळा उजेड कातडीच्या आत जेमतेम एक-दोन मिलिमीटर शिरतो. तुझा आजार चार बोटं आत होता. हे मला तुला सांगावं लागलं नाही. उजेड किती खोल जातो हे माहीत असलेली सातारा जिल्ह्यात दोनच माणसं त्या खोलीत बसली होती, आणि दोघंही चहा थंड करत होती.

पुण्याच्या डॉक्टरांनी तुला पूर्ण खरं सांगितलं नव्हतं. वहिनींच्या भावाला सांगितलं, त्यांनी वहिनींना, वहिनींनी मला जिन्यात. "त्यास्नी म्हायीत न्हाई, भावजी. तुमी बी दावू नगा." मी मान हलवली.

तुझ्या आजारपणात दोन-अडीच महिने आपले आकडे बंद होते. मी इकडं एकटाच शनिवारी मशीन लावायचो, सवय म्हणून. एकदा चष्मा घरी राहिला आणि आधीच्याच आठवड्याची जाडी पुन्हा घातली गेली. सकाळी आकडा बघितला. तोच. शेवटच्या अंकापर्यंत तोच. एका मशीनवर, दोन वेगळ्या शनिवारी, दोन लाख कण, आणि एकाचाही फरक नाही. मी त्या खोलीत अनवाणी उभा होतो आणि मला एकदम तुझ्या गावातल्या कवड्या आठवल्या.

कॉम्प्युटर कवड्या टाकत नाहीच. त्याच्याकडं आकड्यांची एक लांबलचक यादी तयार असते. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एक शब्द लिहावा लागतो, की बाबा, दर वेळी घड्याळात बघून यादीत कुठून तरी वेगळीकडून सुरुवात कर. एकच शब्द. मी तो लिहिलाच नव्हता. म्हणून माझं मशीन दर वेळी पहिल्या आकड्यापासून वाचत होतं, आणि तुझंही. आपण दोन ठिकाणी काही पडताळलं नव्हतं. एकाच माणसाचं दान दोनदा वाचलं होतं. खरं असतं तर थोडाफार फरक पडायला हवा होता. तो पडला नाही, हीच चूक होती, आणि ती तुला पहिल्याच मिनिटाला जाणवली होती.

मी तो शब्द घातला. पुढच्या शनिवारी नव्यानं मशीन लावलं. रविवारी तुला सगळं सांगायचं ठरवलं, माफीसकट. शुक्रवारी वहिनींचा निरोप आला होता, हे म्हणतायत उद्या कॉलेजात जाऊन तो पाच मिलिमीटरचा आकडा काढणार, ऐकत नाहीत. मला वाटलं, नाद आहे, करू दे.

त्या रविवारी तुझा आवाज इतका बारीक होता की बूथवाल्याला मी पंखा बंद करायला सांगितला.

"चार हजार दोनशे सतरा," तू म्हणालास. "तुझं?"

माझ्या कागदावर चार हजार एकशे अठ्ठ्याऐंशी होतं. तुझा श्वास ऐकू येत होता. मी विचार केला, या माणसाकडं आता एवढीच एक पुरी झालेली गोष्ट आहे. ती त्याच्याकडून काढून घेणारा मी कोण?

"जुळलं का रं?"

"जुळलं," मी म्हणालो.

"शेवटच्या आकड्यापातुर?"

"शेवटच्या आकड्यापर्यंत."

तारेत खरखर चालू होती. मग म्हणालास, "बरं झालं, गड्या." आणि सकाळी सव्वादहाला मला विचारलंस, "जेवलास का?" मी बूथमधून बाहेर पडलो तेव्हा मला स्वतःबद्दल चांगलं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटत होतं.

त्यानंतर तू अकरा दिवस होतास. मधल्या रविवारी फोनवर वहिनी म्हणाल्या, झोपलेत. गुरुवारी निरोप आला. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं, माणसं घरी परतून पायांवर पाणी घेत होती.

तेराव्याला वहिनींनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली तुझी लांब वही दिली. "मला यातलं काय कळत न्हाई, भावजी. पर पानापानावर तुमचं नाव हाय." ती मी घरी आणून कपाटावर ठेवली. अकरा दिवस ठेवली. गेल्या रविवारी बूथवरून आलो आणि मग काढली.

पहिल्या पानावर एकच ओळ आहे, 'उजेड किती खोल जातो?' पुढं पानंच्या पानं दोन रकाने, सातारा आणि सांगली, मध्ये बरोबरची खूण. शेवटून दुसऱ्या पानावर प्रोग्रॅमचा छापील कागद चिकटवलाय. वरच्या बाजूला लाल शाईनं तुझ्या हातचा तो एक शब्द. नेमका तोच, नेमका तिथंच. खाली लिहिलंय, 'पुण्याला कॉटवर पडून वाचताना सापडलं. भूपाचा भाग.' आणि त्याखाली, शनिवारचं, अक्षर हललेलं: 'आज नवा शब्द घालून लावला. उद्या जुळणार न्हाई. मग भूपा चिडंल. मग सांगीन. लय दिस झालं भांडून.'

वहिनींनी मागाहून मला सांगितलं होतं की त्या शनिवारी तू कॉलेजात रिक्षानं गेलास, पायऱ्या चढताना तीनदा बसलास आणि शिपायानं वर नेलं. मला वाटत होतं तू आकड्यासाठी चढलास. तू माझ्याशी भांडायला चढला होतास, हणमंता. एक शेवटचं चांगलं भांडण, ज्यात तू जिंकणार होतास, आणि मी हरल्यावर तू मला पेढे पाठवणार होतास.

रविवारची नोंद शेवटची आहे. साताऱ्याच्या रकान्यात चार हजार दोनशे सतरा. सांगलीचा रकाना मोकळा. खूण नाही. खाली दोन ओळी. 'भूपा म्हणतो जुळलं, शेवटच्या आकड्यापातुर. भूपा खोटं बोलला, म्हंजे आपलं काय खरं न्हाई.'

डॉक्टरांनी जे तुझ्यापासून लपवलं, वहिनींनी रडं गिळून जे लपवलं, ते मी तुला एका शब्दात सांगून टाकलं, आणि तुझ्या काळजीपोटी सांगितलं. ते कळल्यावर तू मला विचारलंस, जेवलास का. ते वाक्य मी या आठवड्यात किती वेळा ऐकलं असेल. कॉलेजात ऐकू येतं, भाजी घेताना ऐकू येतं. तू असतास तर म्हणाला असतास, चूक झाली तर झाली, तोंड असं का केलंयस. पण तू नाहीस, आणि माझ्या चुका सांगणारं दुसरं कुणी नाही. सांगलीत माझ्याशी सगळे आदरानं बोलतात. सर म्हणतात. मी जे बोलतो त्याला माना डोलावतात. इतकं एकटं मला होस्टेल सोडताना वाटलं नव्हतं, माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही वाटलं नव्हतं. दहावा कण जगतो आणि त्यानं ते वजन घेऊन काय करायचं, हे तू मला विचारलं होतंस. तो कण आहे, माणूस नाही, असं म्हणून मी ते उडवून लावलं.

एवढं केलं. कोल्हापूरला मेळाव्याच्या आयोजकांना पत्र टाकलं, की आमची पडताळणी खोटी होती, चूक माझी, ती शोधणारा हणमंत. पुढच्या निबंधावर तुझं नाव पहिलं असेल. यावर भांडायला आता तू येऊ शकत नाहीस. आणि खेडवळ म्हणालो होतो, ते मी मागं घेतो. कवड्या तपासणाऱ्या गावाला कमी लेखणारा मी कोण लागून गेलो? मग पेन घेतलं आणि वहीतल्या त्या मोकळ्या रकान्यात माझा आकडा लिहिला. चार हजार एकशे अठ्ठ्याऐंशी. मधल्या जागेत काही काढलं नाही.

आज रविवार. दहाला बूथवर गेलो. त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं, या वेळी नंबर फिरवला नाही. मीच म्हणालो, "सातारा."

"वहिनी, भूपाल बोलतोय. गेल्या रविवारी मीच होतो."

"ठावं हाय मला," वहिनी म्हणाल्या. "फोन लावून गप बसनारं दुसरं कोन हाय?"

मी स्नेहलचं विचारलं. शाळेत जाते म्हणाल्या, बापाच्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाही. शेवटी मी म्हणालो, "वहीत सांगलीच्या बाजूचा एक आकडा लिहायचा राहिला होता, वहिनी. तो मी लिहिला."

पलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज आला. चार वर्षं दर रविवारी त्यांनी तुझ्या तोंडून जे ऐकलं होतं, तेच त्यांनी विचारलं. "मग? जुळलं का?"

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "नाही जुळलं."